घर सोडण्याचे वय

बेळगावच्या वडगाव-खासबाग भागात मागांचा खडखडाट पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आहे. विणकराच्या घरातील मूल कांड्या भरता भरताच वाढते. त्याला अठरावे वर्ष लागले म्हणून कोणी उंबऱ्याबाहेर उभे करीत नाही. घरचा माग, किंवा निदान बापाच्या ओळखीचा मालक, त्याच वयाची वाट पाहत असतो. धंदा बुडाला तर मामाचे घर असते, उसनवारीला शेजारी असतो. अनाथगृहात वाढलेल्या मुलाची गोष्ट निराळी. त्याला ज्या दिवशी कायदा सज्ञान म्हणतो, त्याच दिवशी त्याचे अंथरूण आणि ताट ही दोन्ही त्याची राहत नाहीत. लहान बालकाला वाचविण्याची तळमळ महाराष्ट्रात फार जुनी आहे. वाढलेल्या मुलाचे पुढे काय, हा विचार मात्र पुष्कळ उशिरा आणि फार सावकाश सुचला.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी गुप्तपणे यावे, सुखरूप प्रसूत व्हावे आणि मूल न्यावे किंवा ठेवावे, असे त्याचे निमंत्रण होते. या गृहाचा हिशेब जोतीरावांनी १८८४ मध्ये स्वतःच मांडला आहे. तोवर पस्तीस विधवा तेथे प्रसूत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी जगली ती पाच. गर्भ पाडण्यासाठी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीची गेली, असे त्यांचे निदान होते. पस्तिसांतून पाचच हाती लागत असताना, पंधरा-वीस वर्षांनी या पाचांना नोकरी कोण देईल, मुलगी कोण देईल, असे प्रश्न काढणे म्हणजे चैनच वाटली असती. तरीही त्या दांपत्याने एका मुलाच्या बाबतीत हे सारे प्रश्न सोडविले, आणि तेही अगदी व्यवहारी रीतीने.

तो मुलगा यशवंत. १८७४ च्या सुमारास काशीबाई नावाच्या विधवेच्या पोटी तो जन्मला आणि फुले दांपत्याने त्याला आपला म्हणून वाढविले. दत्तक घेतले म्हणजे झाले, अशी समजूत त्यांनी करून घेतली नाही. १८८७ मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याची रीतसर नोंद केली आणि आपल्यामागे यशवंताचा हक्क कोणी नाकारू नये अशी तजवीज केली. १८८९ च्या फेब्रुवारीत ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी त्याचा विवाह सत्यशोधक पद्धतीने लावण्यात आला. विधवेचा अनौरस मुलगा म्हणून ज्याला कोणी दारात उभे केले नसते, त्याला सासर मिळाले; आणि सासर म्हणजे अनाथाला लाभलेले पहिले गणगोत. पुढे तो डॉक्टर होऊन लष्करी सेवेत गेला.

या सर्व तजविजीची कसोटी २८ नोव्हेंबर १८९० रोजी लागली. जोतीरावांचे निधन झाले तेव्हा यशवंत सोळा वर्षांच्या आसपास होता. अंत्ययात्रेपुढे टिटवे कोणी धरावयाचे, यावरून पुतण्याने हरकत घेतली. दत्तक मुलाचा तो अधिकार त्याला मान्य नव्हता. नोंदलेले मृत्युपत्र घरात होते, पण कागद काही खांद्यावर मडके घेऊन चालत नाही. सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवे धरले. हा प्रसंग सावित्रीबाईंच्या धैर्याचा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पण त्या मुलाच्या बाजूने पाहिले तर त्याचा आणखी एक अर्थ निघतो. ज्याला रक्ताचे नाते नाही, त्याच्या हक्काला ऐन वेळी बाजूला उभे राहणारे जिवंत माणूस लागते.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा यशवंताने रजा घेऊन ससाण्यांच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला. तेथेच शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना प्लेगने गाठले आणि १० मार्च रोजी त्या गेल्या. त्या वेळी यशवंत तेवीस वर्षांचा होता.

एका मुलासाठी जे झाले, ते शंभर मुलांसाठी कोणी करावयाचे? पंढरपूर हे यात्रेचे क्षेत्र. सोडून दिलेली अर्भके तेथे सापडत. १८७५ मध्ये तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाने त्याचा भार उचलला. आजचा नवरंगे बालकाश्रम तो हाच. योगायोग असा, की सज्ञानतेचे वय अठरा ठरविणारा कायदाही त्याच १८७५ सालचा. एकीकडे दार उघडले, आणि दुसरीकडे ते लावून घेण्याची तारीखही ठरली! त्या काळच्या संस्थांपुढे ठरलेली वाट एकच असे: मुलीचे लग्न लावून द्यावयाचे आणि मुलाला एखाद्या धंद्याला लावावयाचे.

धंद्याचा विचार नेटाने केला तो पुण्यात १९०९ मध्ये निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने. माधुकरीवर शिकणाऱ्या मुलांच्या या संस्थेने स्वतःचा छापखाना चालविला आणि पुढे मुद्रणाचे शिक्षणही सुरू केले. खिळे जुळविता येणारा मुलगा कोणत्याही शहरात भुकेला राहत नसे. कालांतराने संस्थेने आपल्या नावातील ‘अनाथ’ हा शब्द गाळला आणि ती पुणे विद्यार्थी गृह झाली. वरवर पाहता हा केवळ पाटी बदलण्याचा प्रकार. पण दाखल्यावर तो शब्द घेऊन नोकरी मागावयास जाणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक असणार.

सरकारचे पाऊल याहून मंद. मुंबई इलाख्याचा बालकांविषयीचा कायदा १९२४ चा, आणि बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होते. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांच्या पुढील सांभाळाचा देशव्यापी विचार पन्नाशीच्या दशकात केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या समितीने केला. तिचे अध्यक्ष प्रा. मा. स. गोरे हे मूळचे हुबळीचे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरा वर्षे पुरी करून बाहेर पडणाऱ्यास आर्थिक साहाय्य देता येईल, असे कलम आहे. नियमांप्रमाणे हा सांभाळ एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि विशेष कारण असल्यास तेविसाव्या वर्षापर्यंत चालू शकतो. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा चार हजार रुपये धरले आहेत. मात्र कलमातील शब्द ‘देता येईल’ असा आहे, ‘द्यावेच’ असा नाही.

गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेल्या आणि अठराव्या वर्षी एकटीच पुण्यास आलेल्या अमृता करवंदे यांना स्पर्धा परीक्षेच्या वेळी याच उणिवेची दुसरी बाजू दिसली. सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा, आणि तो आईबापांच्या उत्पन्नावरून मिळावयाचा. ज्याला आईबापच नाहीत त्याने कोणाचे उत्पन्न दाखवावे? त्यांच्या खटपटीनंतर २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने शिक्षणात आणि शासकीय नोकऱ्यांत अनाथांसाठी एक टक्का जागा राखून ठेवल्या.

हा निर्णय महाराष्ट्रापुरता आहे. निपाणी ओलांडून तो बेळगावकडे येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची रेषा आखली गेली, तेव्हा तिच्या अलीकडे-पलीकडे नातीगोती असलेल्यांनी आपली वाट काढली. नातेच नसलेल्याला ती सोय नाही. केंद्राचा कायदा मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंस सारखाच लागू आहे. सांभाळासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जावे लागते, आणि मुलगा संस्थेत असतानाच त्याच्या पुढील निवाऱ्याचा व शिक्षणाचा आराखडा तयार व्हावा अशी अपेक्षा असते. एकदा तो बाहेर पडला आणि भाड्याच्या खोल्या बदलू लागला, की त्याला पत्र पाठवावयाचे तरी कोणत्या पत्त्यावर!