ओवेनचा ठोकळा आणि आमचा फलक

नमनाला घडाभर तेल न घालता आधी कबुलीच देते. काही वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात 'आज कसं वाटतंय?' असा जो फलक लागला होता, तो मी बनवला होता. कल्पना जपानी. तिकडे सॉफ्टवेअरवाल्यांत 'निको निको' कॅलेंडर म्हणून प्रकार निघाला. निको निको म्हणजे हसरा. घरी जाताना आपल्या नावापुढे हसरा, मख्ख किंवा रडका चेहरा चिकटवायचा, की टीमची तब्येत भिंतीवर दिसते. मी चेहऱ्यांऐवजी लोहचुंबकाच्या गोल चकत्या घेतल्या: हिरव्या, पिवळ्या, लाल. दिसायला झकास झालं होतं, आपलं म्हणून सांगत नाही.

पुढे कधीतरी रॉबर्ट ओवेनबद्दल वाचताना दचकले. हा माणूस तीच गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी करून बसला होता!

ओवेन मूळचा वेल्सचा. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या धबधब्यांपाशी न्यू लॅनार्क नावाची गिरणीवस्ती आहे. तिथल्या सूतगिरण्यांचा कारभार त्याने १८०० साली हातात घेतला. आधीचा मालक डेव्हिड डेल, म्हणजे त्याचा सासराच. ओवेनच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा तिथे चोऱ्या, दारू, कामचुकारपणा यांचा सुळसुळाट होता. त्यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे 'मूक निरीक्षक'. नाव भारदस्त, वस्तू साधी. साधारण दोन इंच लांब आणि इंचभर रुंद असा लाकडाचा चौकोनी ठोकळा. चार बाजूंना चार रंग: काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे जेमतेम, पिवळा चांगला आणि पांढरा उत्कृष्ट. प्रत्येक कामगाराच्या जागेपाशी एक टांगलेला. आदल्या दिवशी तो कसा वागला ते पाहून मुकादम त्यातला एक रंग पुढे करून ठेवी. वहीत त्याचे आकडेही मांडले जात.

डिझाइनवाली म्हणून मला हे फार आवडलं. लिहितावाचता न येणाऱ्यालाही कळावं, लांबून एका नजरेत दिसावं, रोज बदलावं, आणि खर्च जवळजवळ शून्य. ओवेन खात्यातून फेरी मारी तेव्हा काळा ठोकळा दिसला तर नुसतं त्या माणसाकडे आणि मग रंगाकडे बघे. बोलत काही नसे. सुरुवातीला काळेच जास्त होते, मग हळूहळू निळे, पिवळे आणि पांढरे वाढत गेले, असं त्याने १८५७च्या आत्मचरित्रात मोठ्या समाधानाने लिहून ठेवलंय.

मला मात्र एक बारीकशी सोय जास्त महत्त्वाची वाटते. मुकादमाने अन्याय केला असं वाटलं, तर आकडा वहीत चढण्याआधी थेट ओवेनकडे तक्रार करता येई. शिवाय मुकादमांनाही ठोकळे होते, ते गिरणीचा व्यवस्थापक फिरवी. ओवेनचा स्वतःचा ठोकळा मात्र कुठे टांगलेला नव्हता. असो, मालक तो मालक!

पण ठोकळ्यावर दिसायची ती वागणूक. माणूस बरा आहे की नाही, हे त्यात कुठेच नव्हतं. त्याचे धागे दुसरीकडे सापडतात. अमेरिकेने आपल्या बंदरांतून निर्यात थांबवली (ओवेनच्या आठवणीत ते साल १८०६), कापूस मिळेना, गिरण्या चार महिने बंद. यंत्रं साफसूफ ठेवा एवढंच काम सांगून त्याने सगळ्यांना पूर्ण पगार दिला. सात हजार पौंडांहून जास्त रक्कम झाली ती. त्यानंतर लोकांची मनं आपल्याकडे वळली, असं तो स्वतःच सांगतो. दहा वर्षांखालच्या मुलांना कामावर घेणं बंद केलं, कामाचे तास कमी केले, १८१६ साली शाळा काढली. हे सगळं ठोकळ्यावर दाखवता आलं नसतं.

आता आमच्या फलकाकडे येते. पहिल्या आठवड्यात दोन लाल चकत्या लागल्या. सकाळच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, साहेबांनी अगदी मायेने विचारलं, "काय झालं रे?" तो मुलगा कानकोंडा झाला. "काही नाही सर, ट्रॅफिक." पुढच्या सोमवारपासून सगळा फलक हिरवागार. वरच्या लोकांना फलक आवडला. त्याचा फोटोही काढून नेला कुणीतरी.

ओवेनच्या कामगाराला निदान रंग दुसरा कुणी देई, म्हणून त्याला त्याबद्दल भांडता येई. आमचा रंग आम्हीच लावायचा, त्यामुळे तक्रार करायची कुणाकडे?

त्याच वर्षी माझे बाबा आयसीयूत होते. आठ दिवस मी हॉस्पिटलातून थेट ऑफिसला जात होते. आठही दिवस मी माझ्या हाताने हिरवी चकती लावली. मीच ठरवलेला रंग, मीच कापलेली चौकट. बाराजणांनी येऊन विचारावं आणि मग मी त्यांच्यापुढे रडावं, एवढं बळ नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या मावशीवजा बाईंना मात्र कळलं. डबा उघडला नाही हे त्यांनी दोन दिवस पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी काही न बोलता अर्धी पोळी-भाजी माझ्याकडे सरकवली.

बाबा बरे झाले (काका, आत्या, तुम्हाला ठाऊकच आहे). फोनवर कसे आहात विचारलं की अजूनही "एकदम मस्त" म्हणतात. मग मी आईला फोन द्यायला सांगते.

ऑफिस हललं तेव्हा फलक मोडीत गेला. उरलेल्या चकत्या मी घरी आणल्या. हिरव्या आमच्या फ्रिजवर आहेत, दुधाचं बिल त्यांच्याखाली असतं.