तेरा सेकंद आणि एक गाणं

आजचं गाणं 'ओहायो'. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग यांचं, 1970 सालचं. एपिसोड संपला की हेडफोन लावून ऐकाच, पण आधी त्याची गोष्ट.

30 एप्रिल 1970. राष्ट्राध्यक्ष निक्सन टीव्हीवर सांगतात की अमेरिकन सैन्य आता कंबोडियातही शिरणार. व्हिएतनाममधून बाहेर काढतो म्हणून निवडून आलेला माणूस हा! कॉलेजं पेटली. ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात लष्करी प्रशिक्षणाची इमारत जळाली आणि बंदोबस्ताला नॅशनल गार्डचे सैनिक आले.

4 मे, सोमवार दुपार. तेरा सेकंदांत 67 गोळ्या. चार विद्यार्थी गेले, नऊ जखमी. ॲलिसन क्राउज आणि जेफ्री मिलर निदर्शनांत होते. पण सँड्रा शॉयर एका वर्गातून दुसऱ्या वर्गात चालली होती, सैनिकांपासून सुमारे 390 फुटांवर. आणि विल्यम श्रोडर? तो तर स्वतःच लष्करी अधिकारी व्हायचं प्रशिक्षण घेत होता. सगळे 19-20 वर्षांचे.

नील यंगनं 'लाइफ' मासिकात फोटो पाहिले आणि लगेच गाणं लिहिलं. (तो कॅनडाचा, बरं का!) 21 मेला लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत सगळ्यांनी एकत्र वाजवून ते रेकॉर्ड केलं. शेवटी डेव्हिड क्रॉस्बीचा आवाज फाटतो ना, ते खरं रडू आहे. जूनमध्ये रेकॉर्ड दुकानात! आमच्याकडे एका बटणाचा रंग बदलायला दोन स्प्रिंट जातात. शिवाय त्याच वेळी त्यांचं स्वतःचं 'टीच युअर चिल्ड्रन' चार्टवर वर चढत होतं. आपल्याच चालत्या गाण्याच्या आड ते आले.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढे. देश या मुलांच्या बाजूनं असेल असं आपण धरून चालतो. पण तेव्हाच्या गॅलप पाहणीत 58 टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला, गार्डला फक्त 11 टक्क्यांनी. अशा हवेत यांनी निक्सनचं नाव थेट गाण्यात घेतलं. बऱ्याच एएम स्टेशनांनी ते वाजवायला नकार दिला, एफएमवाल्यांनी वाजवलं आणि गाणं 14व्या नंबरपर्यंत गेलं.

कोर्टात मात्र एकाही सैनिकाला शिक्षा झाली नाही. 1979 मध्ये तडजोड झाली: जखमी आणि मृतांचे कुटुंबीय मिळून 6,75,000 डॉलर, आणि खेद व्यक्त करणारा एक सही केलेला कागद.