भाकरीसाठी खोदलेला कालवा गुळाकडे कसा वळला? #थ्रेड

१८७६ साली पावसाने पाठ फिरवली आणि दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. त्या वर्षांत पोटासाठी दुष्काळी कामावर माती वाहणाऱ्या माणसांच्या श्रमांतून ज्या योजना पुढे आल्या, त्यांपैकी एक म्हणजे नीरा डावा कालवा. हेतू सरळ होता. पुन्हा पाऊस हुकला, तरी पुरंदर, बारामती, इंदापूर पट्ट्यातील ज्वारी-बाजरी वाचावी.

१८८५ च्या सुमारास पाणी सुटले. पण ते घेणार कोण? काळ्या जमिनीत ओल टिकते. पाऊस बरा झाला की ज्वारीला विकतचे पाणी लागत नसे, आणि पाऊस हुकला की सारेच एकदम पाणी मागत. याला शेतकऱ्याचा आळस म्हणणे सोपे आहे. वास्तविक तो चोख हिशेब होता. कालव्याचा खर्च मात्र अशाने भरून निघेना.

उसाचे गणित उलटे. हे पीक वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष रानात उभे राहते आणि दर काही दिवसांनी पाणी मागते. पाणीपट्टीची खात्री झाली. सासवडचे माळी उसात मुरलेले. ते कालव्याच्या काठाने खाली सरकले, खंडाने जमिनी घेतल्या आणि गुऱ्हाळे लावली. गुळाला शहरांत गिऱ्हाईक होते. ताटातल्या गोडाची ही मागणी कालव्याच्या अर्थकारणाला मानवली, आणि मूळ उद्देश बाजूला पडला.

किंमत जमिनीने मोजली. खोल काळ्या मातीतून पाण्याचा निचरा मंद होतो. सतत पाणी दिल्याने भूजल वर येते, त्यासोबत विरघळलेले क्षार येतात. पाणी उन्हाने उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. रानावर पांढरी पुटे दिसू लागली, जमिनी चोपण झाल्या. कालवा सुरू होऊन जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती, तोच १९१० मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. इतक्या लवकर!

धोका कोणाला दिसलाच नाही, असे मात्र नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘ब्लॉक पद्धत’ सुचवली: पाणी ठरावीक गटांना द्यावे, गटाच्या एका हिश्शातच ऊस घ्यावा, उरलेल्यात हलकी पिके आलटूनपालटून घ्यावीत. पाणी अधिक गावांत पोहोचावे आणि जमीन पाणथळ होऊ नये, हा त्यामागचा विचार.

पुढे भाटघरचे नवे, मोठे धरण झाले, उजवा कालवाही आला. १९३२ मध्ये सरकारने आयात साखरेवर संरक्षक जकात बसवली. गुऱ्हाळांच्या जोडीला आता कारखान्यांची धुराडी उभी राहिली. अकलूजजवळ माळीनगरला त्याच सासवडच्या माळ्यांनी भांडवल गोळा करून स्वतःचा साखर कारखाना काढला. गाळपासाठी त्याला दर हंगामात ऊस हवा होता, आणि उसाला कालव्याचे पाणी.