घोडी, शिंगरू आणि धन्याचा हात

'पुसा' हे नाव मराठी शेतकऱ्याला बियाण्याच्या पिशवीवरून परिचित आहे. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेला ते मिळाले बिहारमधील पुसा या गावावरून. 1905 मध्ये संस्था तेथे स्थापन झाली. 1934 च्या भूकंपात तिची इमारत ढासळली आणि 1936 मध्ये संस्था दिल्लीस हलली, नाव मात्र बरोबर आले. त्याच गावी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ईस्ट इंडिया कंपनीचे अश्वपैदास केंद्र होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

कंपनीला घोडदळासाठी उंच, मजबूत घोडे हवे होते. 1808 मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट या केंद्राचा अधीक्षक होऊन आला. फ्रान्समधील लियों येथील पशुवैद्यक विद्यालयात शिकलेला हा पहिला इंग्रज. पुशाला त्याने ओटची लागवड सुरू केली, कारण पोटात सकस चारा नसेल तर रक्त कितीही उंची असो, शिंगराची हाडे भरत नाहीत, हे तो जाणून होता. पुढे उत्तम वळू-घोड्यांच्या शोधात तो लडाखमार्गे बुखाऱ्यापर्यंत गेला आणि 1825 मध्ये परतीच्या वाटेवर अंदखोई येथे वारला. चरित्रकारांना हा प्रवासच अधिक मोहवतो. आम्हांला पुशाचे अंगण अधिक महत्त्वाचे वाटते.

कारण पैदाशीचे खरे काम केंद्राच्या आवाराबाहेर, शेतकऱ्यांच्या दारात चाले. त्यातील एका पद्धतीला 'निस्फी' म्हणत. निस्फी म्हणजे निम्मे: घोडी कंपनीची, सांभाळ शेतकऱ्याचा, आणि शिंगराच्या किमतीत दोघांचा हिशेब. कागदावर व्यवस्था चोख दिसते. पण घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते आणि शिंगरू स्वारीजोगे होण्यास आणखी तीन-चार वर्षे जातात. वळू-घोड्याचे काम काही क्षणांचे. उरलेला सगळा काळ सांभाळणाऱ्याच्या हातात.

त्यातही पहिली रात्र निर्णायक. घोडी बहुधा रात्रीच विते. शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत आचळाला लागावे आणि तीन तासांत घोडीची वार पडावी, असा आजच्या पशुवैद्यांचा ठोकताळा आहे. घोडीच्या पोटात असताना आईची रोगप्रतिकारक द्रव्ये शिंगरापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत. ती मिळतात चिकातून, आणि ती शोषून घेण्याची आतड्यांची शक्ती दिवसभरात ओसरते. नाळ स्वच्छ ठेवणे, वार अडकली तर ओढाओढ न करता वैद्य बोलावणे, पुढे रोज पाय उचलून खुरांना हात लावू देण्याची सवय करणे, हे ग्रंथ वाचून येत नाही. कोणाच्या तरी शेजारी, कंदिलाच्या उजेडात, उकिडवे बसूनच ते शिकावे लागते.

आपल्याकडे अश्वशास्त्राची परंपरा जुनी आहे. शालिहोत्राच्या नावावरूनच घोड्याच्या वैद्याला 'सालोत्री' हा शब्द पडला. परंतु या ग्रंथांतून लोकांत मुरले ते मुख्यतः लक्षणशास्त्र: रंग, भोवरे, देवमण. प्रत्यक्ष निगेविषयी बोलणारा कागद म्हणून आम्हांला शिवकालातील एक पत्र आठवते. चिपळूणनजीक दळवटणे येथील लष्कराच्या जुमलेदार-हवालदारांना 1670 च्या दशकात ते लिहिले गेले. दाणा-वैरण पुरवून वापरा, नाहीतर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे त्यात बजावले आहे. उंदीर दिव्याची वात पळवील आणि वैरण पेटेल, इथपर्यंतची काळजी त्यात आहे! हा हुकूम खरा, पण पागेत वावरलेल्या माणसाचा हुकूम.

इंग्रजी अमलात शिक्षण निघाले ते वैद्यांसाठी. 1862 मध्ये पुण्याला लष्करी पशुवैद्यक शाळा, 1877 मध्ये हापूरजवळ बाबूगढला, 1886 मध्ये मुंबईला महाविद्यालय. यांतून सुशिक्षित सालोत्री तयार झाले, आणि ते आवश्यकच होते. पण घोडीचा धनी या शाळांच्या दाराबाहेरच राहिला. खुद्द पुशाचे केंद्र 1870 च्या दशकात मोडीत निघाले. त्याच्या अपयशाची कारणे सांगताना हवामान, खर्च, रक्त असे सर्व मोजले जाते. निस्फीच्या शेतकऱ्याला कोणी काय शिकवले, हा प्रश्न आमच्या मते त्या यादीत वरचा असायला हवा.

हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र 1980 च्या दशकातले; अश्वपालकांसाठीही प्रशिक्षण घेणे हे त्याच्या कामाचा भाग आहे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे उभे राहून ऐकावे: भोवरा कोठे, चाल कशी, रंग कोणता, अशी चौकशी तासन्‌तास चालते. या शिंगराला पहिल्या रात्री चीक मिळाला होता का, हे विचारणारा गिऱ्हाईक आम्हांला अजून भेटायचा आहे.