तेलांतील लोहकण आणि चुंबकाची साक्ष

मोटारीचें इंजिन चालतें, तें स्वतःला थोडें थोडें झिजवीतच चालतें. दट्ट्याच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीवर मिनिटाला हजारों वेळां खालींवर होतात, दंतचक्रांचे दांते एकमेकांवर घांसतात, आणि या सर्व ठिकाणीं धातूला धातु लागूं नये म्हणून मध्यें वंगणाचा एक पापुद्रा राखलेला असतो. हा पापुद्रा मिलिमीटरच्या कांहीं हजाराव्या भागांइतकाच जाड. त्यांत झिजून सुटलेला एखादा पोलादी कण शिरला म्हणजे जात्यांत खडा यावा तशी अवस्था होते. खडा भरडला जातो खरा, पण तो जात्याची टांकी घालवून जातो. येथें तर त्या ओरखड्यांतून आणखी नवे कण सुटतात, आणि झीजच झिजेला वाढविते. तेव्हां लोखंड ओढून घेणारा चुंबक तेलांत ठेवावा, ही कल्पना सुचण्यास मोठ्या बुद्धीची गरज नव्हती. चुंबकानें पकडलेल्या कणांचें करावयाचें काय, हें समजण्यास मात्र फार काळ लागला, आणि तें पुरतें समजण्यापूर्वीं माणसांचे प्राण गेले.

नको तेथें गेलेलें लोखंड चुंबकानें काढण्याची युक्ति मोटारीहून पुष्कळच जुनी आहे. सुश्रुतसंहितेंत शरीरांत रुतलेलें शल्य काढण्याच्या उपायांत अयस्कान्ताचा, म्हणजे लोहचुंबकाचा, उल्लेख आहे. आणि तोही कसा, तर शल्य सैल असावें, त्याला कर्ण म्हणजे अडकणारे कांटे नसावेत, व जखमेचें तोंड लहान नसावें, अशा अटींसह. चुंबकाला काय साधतें व काय साधत नाहीं याचा हा विवेक पुढील पुष्कळ लेखकांत आढळत नाहीं. युरोपांत १६२४ सालीं विल्हेल्म फाब्री या जर्मन शस्त्रवैद्याला एका रोग्याच्या डोळ्यांत गेलेला पोलादाचा कण कांहीं केल्या काढतां येईना. तेव्हां त्याची पत्नी मारी कोलिने हिनें चुंबक वापरण्याचें सुचविलें, आणि कण बाहेर आला. फाब्रीनें या युक्तीचें श्रेय आपल्या पत्नीलाच दिलें, ही गोष्ट त्या काळाच्या मानानें नोंदण्यासारखी आहे.

यंत्रशाळेंत चुंबकाचा प्रवेश झाला तो इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं. तेथें सुया व कांटे यांचीं टोकें कोरड्या दगडी चाकावर घांसणारे कामगार भर तारुण्यांत फुप्फुसाच्या रोगानें मरत. १८२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अब्राहाम नांवाच्या तेथील एका शिक्षकानें चाकाभोंवतीं व कामगाराच्या तोंडापुढें चुंबक बसविण्याची योजना केली, आणि लंडनच्या कलासंस्थेनें तिचा गौरव केला. चुंबकांवर लोखंडाची भुकटी दाट बसे. परंतु कामगारांनीं ती योजना स्वीकारली नाहीं. मृत्यु कमी झाले तर या धंद्यांत गर्दी होईल व मजुरी उतरेल, अशी भीति शेफील्डच्या घिसाऱ्यांत होती असें तत्कालीन लेखकांनीं नमूद केलें आहे. वाचणाऱ्याचें मन विषण्ण व्हावें असाच हा हिशेब आहे. आज आणखी एक गोष्ट दिसते. त्या कामगारांना मारणारी धूळ मुख्यतः दगडाची होती, आणि दगडाला चुंबक ओढीत नाहीं.

मोटारीच्या इंजिनांत चुंबक आला तो तेल स्वच्छ करण्यासाठीं मुळींच नव्हे. हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार १९०८ पासून १९२७ पर्यंत तयार होत होती, आणि त्या काळांत तिच्या दीड कोटि गाड्या निघाल्या. ठिणगीसाठीं लागणारी वीज गाडीनें स्वतःच निर्माण करावी म्हणून तिच्या गतिचक्रावर सोळा नालाकृति चुंबक बसविलेले असत, व ते स्थिर वेटोळ्यांसमोरून फिरत. या गाडीला तेलाचा पंप नव्हता आणि गाळणीही नव्हती. फिरतें गतिचक्रच तळाचें तेल वर उडवी. त्यांतील कांहीं एका नळीच्या तोंडांत पडे व उतारानें पुढील भागाकडे जाई. इंजिन आणि वेग बदलणारीं चक्रें यांचें तेल एकच. म्हणजे विजेसाठीं बसविलेले सोळा चुंबक दिवसभर त्याच तेलांत घुसळत राहिले, आणि त्यांना लोखंडाचा चुरा चिकटत गेला. नकळत कां होईना, रस्त्यावरील लाखों मोटारींत तेलांतील लोखंड धरणारा चुंबक असा जाऊन बसला होता.

पण या उपकाराची दुसरी बाजूही होती. वीज बाहेर नेणाऱ्या खुंटीच्या टोंकाशीं पट्ट्यांचे तंतु व कचरा सांचला कीं ठिणगी मंदावे, आणि मालकाला ती खुंटी काढून पुसावी लागे. नवी गाडी चार-पांचशें मैल चालतांच सारें तेल काढून टाकावें व पुढें सुमारें दर साडेसातशें मैलांनीं हेंच करावें, असा उपदेश फोर्डच्या पुस्तिकेंत होता. नव्या यंत्राचे भाग एकमेकांशीं जुळून घेतांना सर्वांत अधिक चुरा सोडतात, हें त्या कारखान्याला चांगलें ठाऊक होतें.

खरी गाळणी आली ती १९२३ सालीं. अर्नेस्ट स्वीटलंड या अमेरिकन संशोधकानें ‘प्युरोलेटर’ नांवाची तेलाची गाळणी पुढें आणली, आणि पुढच्याच वर्षीं क्रायस्लरच्या नव्या गाडींत ती बसविण्यांत आली. आरंभींच्या गाळण्यांतून तेलाचा थोडासाच भाग जाई. सगळें तेल गाळून मगच बेअरिंगकडे पाठविण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. तरीही कागदी गाळणीच्या छिद्रांतून अगदीं बारीक कण निसटतातच. याच उणिवेवर उपाय म्हणून तेलकुंडाच्या तळच्या बुचाला चुंबक लावण्याची रीत पुढें आली. मात्र त्यासाठीं चुंबक लहान असून जोरदार पाहिजे, आणि उकळत्या पाण्याइतक्या तापलेल्या तेलांतही त्याचा जोर टिकला पाहिजे. जपानांत कोतारो होंडा यांनीं १९१७ सालीं कोबाल्टयुक्त चुंबक-पोलाद सिद्ध केलें, आणि १९३१ सालीं तोकुशिचि मिशिमा यांनीं लोखंड, निकेल व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाचा त्याहून बळकट चुंबक शोधून काढला. ‘अल्निको’ चुंबक या दुसऱ्या शोधांतूनच निपजले. १९८४ सालीं जगापुढें आलेले निओडिमियमचे चुंबक जोरांत या सर्वांना मागें टाकतात. परंतु त्यांतील साध्या जाती सुमारें ऐंशीं अंशांपलीकडे आपला जोर गमावूं लागतात. इंजिनाचें तेल शंभर अंशांच्या आसपास असतें. स्वस्त पाहून कोणताही चुंबक गाळणीच्या डब्यावर चिकटविणाऱ्यांनीं एवढें तरी लक्षांत घ्यावें.

शिवाय सुश्रुतानें घातलेल्या अटींसारख्या अटी येथेंही आहेतच. चुंबक लोखंड व साधें पोलाद धरतो. दट्ट्या ॲल्युमिनियमचा, बेअरिंगचें अस्तर तांबें, कथील, शिसें किंवा ॲल्युमिनियम यांचें, आणि हवेंतून शिरणारी धूळ दगडाची. यांपैकीं कशालाही तो शिवत नाहीं. बेअरिंग पार उजाड होऊन गेलें तरी बूच स्वच्छ निघूं शकेल. म्हणून चुंबकी बुचामुळें इंजिनाचें आयुष्य अमुक पटींनीं वाढतें असें सांगणाऱ्या विक्रेत्यांवर विश्वास ठेवूं नये हेंच बरें. बुचाचा खरा उपयोग निराळा आहे. तेल बदलतांना तें पुसणाऱ्या मिस्त्र्याच्या बोटांना मऊ, काळसर लेप लागला तर ती नित्याची झीज होय. टोंचणारी कपची लागली, तर कोठें तरी दांता किंवा बेअरिंग फुटूं लागलें आहे.

ही साक्ष घेण्याची विद्या रेल्वे व विमान यांच्या कारखान्यांत वाढली. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील एका रेल्वेनें डिझेल इंजिनांचें वापरलेलें तेल जाळून त्याच्या प्रकाशावरून त्यांतील धातु ओळखण्यास आरंभ केला. १९७० नंतर लोहकण चुंबकाच्या साह्यानें कांचेवर मांडून सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांचा आकार तपासण्याची रीत निघाली. विमानांत तर चुंबकी बुचाला विजेच्या तारा जोडलेल्या असतात. दोन टोंकांमधील फट कणांनीं भरली कीं वैमानिकापुढें दिवा लागतो.

१ एप्रिल २००९ रोजीं स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ उत्तर समुद्रावर, तेलाच्या खाणीवरून परतणारें एक ‘सुपर प्यूमा’ हेलिकॉप्टर कोसळलें. त्याच्या मुख्य गिअरपेटींतील एक दंतचक्र फुटलें व वरचा पंखा यंत्रापासून निखळून गेला. दोन वैमानिक व चौदा प्रवासी असे सोळाही जण मरण पावले. ब्रिटनच्या विमान अपघात चौकशी शाखेनें २०११ सालीं प्रसिद्ध केलेला अहवाल वाचतांना मन अस्वस्थ होतें. अपघातापूर्वीं सातच दिवस, २५ मार्च रोजीं, त्या गिअरपेटींतील तपासणी-चुंबकावर एक धातूचा कण सांपडला होता. साक्ष मिळाली होती; तिचा अर्थ मात्र लागला नाहीं. हेलिकॉप्टर चालविणारी कंपनी आणि तें बनविणारा कारखाना यांच्यांत तोंडी व ई-मेलनें जें बोलणें झालें, त्यांत कोठें तरी गैरसमज झाला, आणि आंतील चुंबकांचें कडें तपासलेंच गेलें नाहीं.

या कड्याची हकीगत अधिकच विचित्र आहे. वरच्या दंतचक्रांतून सुटलेला चुरा खालच्या दंतचक्रांत जाऊन त्यांचा नाश करूं नये, अशा सद्हेतूनें दोन भागांमध्यें चुंबकांचें एक कडें बसविलेलें होतें. कड्यानें आपलें काम चोख केलें, चुरा वरच्या वर धरून ठेवला. पण इशारा देणारा दुसरा चुंबक होता तो खालीं, तेलाच्या तळाशीं, आणि त्याच्यापर्यंत तो चुरा पोंचूं शकला नाहीं. यंत्राचें रक्षण करणाऱ्या चुंबकांनीं अशा रीतीनें साक्षीदार चुंबकाचें तोंड बंद केलें. या कड्यामुळें सुटलेला चुरा आढळण्याचा संभव कमी होतो, असा स्पष्ट निष्कर्ष अहवालांत आहे. अपघातानंतर या जातीच्या हेलिकॉप्टरांतून तीं कडीं काढून टाकण्यांत आलीं आणि तपासणीचे नियम कडक झाले.

इतकें होऊनही २९ एप्रिल २०१६ रोजीं नॉर्वेंत बेर्गेन शहराजवळ त्याच घराण्यांतील दुसऱ्या एका हेलिकॉप्टरचा पंखा तसाच निखळला व तेरा जण मृत्युमुखीं पडले. या खेपेस चुंबकांनीं कांहींच इशारा दिला नव्हता. दंतचक्रांतील चीर पृष्ठभागाखालून आंतल्या आंत वाढत गेली होती, आणि तेलांत यावा इतका धातु तिनें बाहेर टाकलाच नव्हता.