वारली चित्रांचा न्याय्य व्यापार
पालघर जिल्ह्यातील वारली आदिवासींत लग्नप्रसंगी सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात. या विधिचित्रास पूर्वी मोल होते, किंमत नव्हती. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रे कागदावर येऊन बाजारात पोहोचली. जिव्या सोमा मशे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार व २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र मागणीबरोबर छापील नकलाही वाढल्या. त्यांचा मोबदला वारल्यांपर्यंत पोहोचत नाही. १९९९ च्या अधिनियमानुसार २०१४ मध्ये या कलेस भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने ‘वारली’ या नावास संरक्षण लाभले, आकृत्यांस नव्हे. नाव न घेता केलेली नक्कल त्याच्या कक्षेबाहेरच राहते. म्हणून चित्रकाराची संमती, नामोल्लेख व विक्रीतील वाटा यांचा आग्रह ग्राहकाने धरणे अगत्याचे ठरते.