खांदेरीचे दीपगृह

रायगड जिल्ह्यात थळच्या किनाऱ्यासमोर भर समुद्रात असलेल्या खांदेरी बेटावरचे ब्रिटिशकालीन दीपगृह. बेटावर दोन टेकड्या असून दक्षिणेकडच्या उंच टेकडीवर, खालच्या इमारतीतून वर निघालेला अष्टकोनी मनोरा आहे. १८६७ साली येथे पहिल्यांदा दिवा लागला. मुंबई बंदराच्या दक्षिण वाटेवरचे हे बेट अंधारात चुकवून जाणे गलबतांना अवघड होते, म्हणून ही बत्ती.

बेटाची जागा हेच येथल्या साऱ्या इतिहासाचे कारण. मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांवर येथून नजर ठेवता येई. शिवाजी महाराजांनी १६७९ च्या भर पावसाळ्यात आपल्या आरमारातील अधिकारी मायनाक भंडारी यांच्याकडून येथे किल्ल्याच्या तटाचे काम सुरू करवले. ते थांबवायला आलेल्या इंग्रज आरमाराशी १८ ऑक्टोबरला लढाई झाली आणि ‘डव्ह’ हे इंग्रजांचे गुराब (लढाऊ जहाज) मराठ्यांनी धरले. पुढे सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावून तेथून तोफा डागल्या, पण खांदेरी हटली नाही. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या काळात, १७१८ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून आरमार घेऊन आला आणि हात हलवत परत गेला. १८१८ मध्ये बेट इंग्रजांकडे गेले. जो किल्ला होऊच नये म्हणून त्यांनी धडपड केली, त्याच्याच आत त्यांना स्वतःच्या जहाजांसाठी दिवा लावावा लागला.

दीपगृहापलीकडेही बेटावर पाहण्यासारखे बरेच आहे. तटाबाहेर भरतीरेषेत मोठाले दगड टाकलेले आहेत. त्यांवर कालवांच्या धारदार शिंपल्यांचे थर चढल्याने तेथे अनवाणी उतरण्याची सोय नाही. शत्रूच्या होड्यांसाठी हा बिनखर्चाचा बंदोबस्त होता. चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या तोफा आजही येथे आहेत. असे गाडे फार थोड्या किल्ल्यांवर उरले आहेत. एक खडक असा आहे, की त्यावर दगड आपटला तर भांड्यासारखा खणखणतो. वेताळाच्या देवळावर कोळी समाजाची मोठी श्रद्धा आहे. किल्ला बघायला आलेली माणसे बहुधा तोफांपाशी रमतात. कोळी मंडळी आधी वेताळाकडे जातात.

बेटाला १९९८ मध्ये कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले, तरी किनाऱ्यावर अजून ‘खांदेरी’च म्हणतात. २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर ११ किल्ल्यांबरोबर खांदेरीचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. थळहून होडीने जाता येते. पावसाळ्यात ही वाट बंद असते.